दुसऱ्या नावाचा रकाना

या, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरकावं, सतरंजीवर जागा आहे. टाळ घडीभर खाली ठेवा. आज एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही आणि राजाराणीचीही नाही. चिपळूणच्या एका सुनेची आहे आणि घडली ती सौदीत, अगदी अलीकडे. मधे कुठे हसू आलं तर हसून घ्या, कारण शेवट गोड करून सांगणं मला जमणार नाही. झाला तसाच सांगेन.

नामाचा महिमा आपण रोज गातो. देवाला हजार नावं. यशोदेने एका नावाने हाक मारली, द्रौपदीने दुसऱ्या, तो दोघींकडे धावला. त्याला दारात अडवून कुणी विचारलं नाही, की बाबा रे, गोकुळच्या दाखल्यावर एक नाव आणि द्वारकेच्या कागदावर दुसरं, हे कसं काय? देवाचं निभावून जातं. माणसाला दोन नावं झाली की काय होतं, ते आता ऐका.

तिचं नाव क्षमा प्रसाद साळवी. वय एकतीस, शिक्षणाने नर्स. हाताला असा गुण, की ज्या म्हाताऱ्यांची शीर सापडत नाही त्यांना सलाइन लावायला दुसऱ्या वॉर्डातून तिला बोलावणं यायचं. नवरा प्रसाद सौदीतल्या अबकैकला, तेलाच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे पाइप फिटर. गावी त्याच्या हाताला काम नव्हतं म्हणून गेला, तो तिकडचाच झाला. तिथे राहायच्या परवान्याला इकामा म्हणतात. प्रसादच्या इकाम्यावर जो हुद्दा लिहिलाय, त्या हुद्द्याच्या माणसाला बायकापोरं आणता येत नाहीत. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याच्या सगळ्या सुट्ट्या जोडून बघितल्या तर नवराबायको एका छपराखाली राहिली ती जेमतेम अकरा महिने. पाच वर्षांची लेक ओवी चिपळूणला आजीजवळ. बाप म्हणजे मोबाइलमधला माणूस, अशीच त्या पोरीची समजूत. आवाज तुटायला लागला की आजीला सांगायची, “आजी, बाबांना चार्जिंगला लाव.”

याला कंटाळून क्षमाने दोन वर्षं आधीच आडवाट धरली होती. नवऱ्याच्या परवान्यावर जाता येत नाही ना, मग विद्यार्थिनी म्हणून जाते. रियाधच्या एका विद्यापीठात परदेशी मुलांना शिष्यवृत्ती देतात. तिथे नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाला तिने अर्ज केला आणि सद्गुरुकृपेने निवड झाली. दोन वर्षं वसतिगृहात राहून, लेकीला व्हिडिओवर झोपवून, पोरगी शिकली. शिक्षण संपत आलं तेव्हा रियाधजवळच्या अल खर्जच्या एका इस्पितळाने तिला नोकरीचं पत्र दिलं. कुटुंबाला राहायला दोन खोल्यांची जागा. तिथल्याच एका डेअरीत फिटर हवे होते, तिथे प्रसादचंही बोलणं झालं होतं. म्हणजे तिघं एका घरात. आठ वर्षांत पहिल्यांदा.

फक्त एक गोष्ट हवी होती. नर्सने रुग्णाला हात लावायचा तर तिथे सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. परदेशातून शिकायला आलेल्यांनाही तो आपला आपणच मिळवावा लागतो. पासपोर्ट, पदवी, अनुभवाचे दाखले संगणकावर चढवायचे. मग एक कंपनी त्या त्या कॉलेजला विचारून कागद खरे की खोटे ते बघते. दरम्यान परीक्षा, आणि दोन्ही जमलं की नंबर. क्षमाचा विद्यार्थिनीचा इकामा जूनअखेर संपत होता. त्याआधी नंबर आला तर अल खर्ज, नाही आला तर चिपळूण.

अर्ज भरला तो जानेवारीतल्या एका शुक्रवारी, रियाधच्या अल सुलै भागात, अख्तरीखालाच्या घरी. खाला म्हणजे मावशी. ही अख्तरी दापोलीकडची. नवरा जमालुद्दीन, त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम. त्यांची मुलगी इफरा क्षमाच्याच विद्यापीठात फार्मसीला होती, बसमध्ये ओळख झाली आणि घरचीच झाली. वसतिगृहात पुरुषांना मज्जाव, म्हणून महिन्यातून एका शुक्रवारी प्रसाद अबकैकहून चार तास बसने यायचा तो या घरी. तो आला की अख्तरीखाला सगळ्यांना बाजाराला पिटाळायची. “चला, यल्ला, मला कांदे आणायचेत,” म्हणायची. घरात कांद्याचं पोतं उभं असायचं.

त्या शुक्रवारी प्रसाद नव्हता. इफरा लॅपटॉपवर प्रश्न वाचत होती, क्षमा उत्तरं देत होती आणि खाला दोघींसमोर सांदणांची ताटली सरकवत होती.

“दीदी, नेक्स्ट. ‘याआधी कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता का?’ येस या नो?”

क्षमा हसली. “दुसरं नाव चोरांना असतं गं. नो लिही.”

“तुझ्या अब्बांना विचार,” खाला म्हणाली. “गावात जमू, गोदामात जमालभाई, बँकेत जमालुद्दीन. आणि मी काय हाक मारते, ता तुमच्यासमोर सांगायचा नाय.”

“अम्मी, प्लीज,” इफरा म्हणाली, आणि तिघीही हसत असताना तिने ‘नो’वर खूण केली. पान पुढे सरकलं.

इथे जरा थांबूया. आपल्याकडे नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरतात. नवरा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात तिचं नवं नाव लिहितो, पेढे वाटले जातात आणि त्या दिवसापासून तेच नाव. क्षमाचंही तसंच झालेलं. माहेरी ती कीर्ती वसंत भुवड. पण प्रसादच्या बहिणीचं नावही कीर्ती. सासू म्हणाली, “एका घरात दोन कीर्ती नकोत बाबा, हाक मारली की दोघी धावायच्या.” मग प्रसादने ‘क्षमा’ लिहिलं. बापाचं नाव गेलं तिथे नवऱ्याचं आलं, आडनाव गेलं तिथे साळवी आलं. तिन्ही शब्दांतला एकही उरला नाही. तिची आईसुद्धा जावयासमोर चुकू नये म्हणून क्षमा म्हणू लागली आणि मग एरवीही तेच म्हणू लागली. आपलं काही दुसरं नाव आहे असं त्या पोरीच्या ध्यानीमनी नव्हतं. अहो, आपल्या आयाबहिणींपैकी कुणाच्या तरी असतं का?

पण नर्सिंगची पदवी लग्नाआधीची होती, तिच्यावर कीर्ती. पासपोर्ट नंतरचा, त्यावर क्षमा. दोन्ही एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र तिच्या फाइलमध्ये होतं. विद्यापीठाने तेच बघून तिला घेतलं होतं, त्यामुळे तिला वाटलं की त्यांनी बघितलंय म्हणजे सगळ्यांनीच बघितलंय. फॉर्मवर ‘येस’ म्हटलं असतं तर खाली तो कागद जोडायला जागा उघडली असती. ‘नो’ म्हटल्यावर ती जागा उघडलीच नाही. कागद फाइलमध्ये होता आणि फाइल तिच्या मांडीवर.

परीक्षा ती पास झाली. चांगली पास झाली. ओवीने फोनवर विचारलं, “आई, तुला स्टार मिळाला?” क्षमा म्हणाली, “दोन मिळाले. एक तुझा.”

एप्रिलमध्ये वाचनालयात बसली असताना पडताळणीचा अहवाल आला. क्षमा प्रसाद साळवी नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे कधीही नव्हती, असं कॉलेजने कळवलं होतं. ती उठली, बाहेर जिन्यात आली आणि कॉलेजला फोन लावला. हेडक्लार्क हरिहर. अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीत.

“हॅलो, हरिहरभाऊ, मी...”

“कोण, कीर्ती भुवड काय गं? आवाजावरून ओळखली बघ. प्रॅक्टिकलच्या सांगाड्याला टोपी घालणारी. कुठे असतेस हल्ली?”

“भाऊ, तुम्हाला एक मेल आला होता. क्षमा साळवीबद्दल.”

“आला होता ना. बरं झालं फोन केलास, मी तुझा नंबरच शोधत होतो. अगं, ती कोण सटवी तुझी पदवी स्वतःच्या नावावर खपवत होती. सौदीत. मी चांगला रट्टा दिलाय. ही आमच्याकडे कधी नव्हती, एवढ्यावर थांबलो नाही. पदवी आमच्या कीर्ती भुवडची आहे, ही बाई तिचा गैरवापर करते आहे, असं वर लिहिलं. प्रिन्सिपलची सही घेतली. त्या दिवशी जेवलोसुद्धा नाही, रजिस्टरं काढत होतो.”

“भाऊ, ती मीच.”

“काय मीच?”

“क्षमा साळवी मीच. लग्नानंतर नाव बदललं.”

पलीकडे शिपाई कुणाला तरी चहा विचारत होता तेवढं ऐकू आलं.

“मग सांगायचं नाही होय गं,” हरिहर म्हणाले. आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. “मला वाटलं तुझं काहीतरी चोरीला चाललंय.”

बिचाऱ्याने त्याच दुपारी नवं पत्र केलं, दोन्ही नावं घातली, गोल शिक्का मारला. मंडळी, दोष द्यायचा तर तो कुणाला द्यायचा? त्या माणसाने एका मुलीला वाचवलं होतं. कुणापासून वाचवलं, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

पत्र कंपनीने घेतलं नाही. अहवाल गेला, आता नोंदणी खात्यात अपील करा. क्षमा अपील घेऊन गेली, सोबत अख्तरीखाला, कारण बावीस वर्षांत खालाचं अरबी पाण्यासारखं झालेलं. खिडकीवर नबीला नावाची अधिकारी होती. तिशीतली, डोळ्यांखाली काळं, बोलायला मऊ. तिने दोघींना आत बोलावून खुर्च्या दिल्या. सगळे कागद एकेक करून वाचले. प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं.

मग तिने खालाला काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत?” क्षमाने विचारलं.

“म्हणतात, लग्नात हिचं नाव का काढून घेतलं? हिने काय गुन्हा केला होता काय? त्यांच्यात बाई बापाचं नाव घेऊनच कबरीत जाते. आमच्यातपण तसाच.”

“सांगा, आमच्यात रीत आहे. नवरा तांदळात अंगठीने लिहितो.”

“हे सांगू? हसतील गो पोरी.”

“सांगा.”

खालाने सांगितलं. बोटाने टेबलावर लिहून दाखवलं. नबीला हसली नाही. तिने त्या टेबलाकडे बघितलं, मग क्षमाकडे, आणि या वेळी सरळ इंग्रजीत तिलाच विचारलं की मग फॉर्मवर ‘नो’ का लिहिलंस?

क्षमाने तोंड उघडलं. जिन्यात, बसमध्ये, रात्रंदिवस तिने हेच उत्तर घोकलं होतं. ते दुसरं नाव नव्हतं, माझंच होतं, ते संपलं होतं, म्हणून. पण त्या थंड खोलीत, परक्या भाषेत, ते बोलू गेल्यावर तिचं तिलाच खोटं वाटलं. ती एवढंच म्हणाली, “मला वाटलं, नाही.”

नबीलाने ते शब्दशः लिहून घेतलं. निघताना तिने क्षमाच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि खालाला दारापर्यंत जाऊन काही सांगितलं. बाहेर उन्हात आल्यावर क्षमाने विचारलं, “काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मी तिच्या बाजूने लिहीन.” खाला ओढणीने कपाळ पुसत राहिली. “आणि म्हणाली, माझ्या वर तीन माणसा आहेत.”

तीन आठवडे गेले. क्षमाने मनाला आशा लावू दिली नाही आणि तरी रोज सकाळी अंघोळीआधी फोन उघडून बघितलाच. जपाची माळ ओढावी तसं अंगठ्याने पान खाली ओढायची. मेअखेर निकाल आला. कॉलेजचं नवं पत्र मान्य. पदवी खरी. परंतु अर्जदाराने स्वतःच्या घोषणेत खोटी माहिती दिली, आणि ती घोषणा कॉलेजची नव्हे, तिची स्वतःची. म्हणून अर्ज रद्द, पुढचं एक वर्ष नवा अर्ज करता येणार नाही, आणि ही नोंद कायम राहील. अल खर्जच्या इस्पितळाने दुसऱ्याच दिवशी कळवलं, आम्हाला वाईट वाटतं, पण जागा रिकामी ठेवता येत नाही. विद्यापीठाने सांगितलं, शिक्षण संपलं, इकामा वाढत नाही.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी प्रसाद आला. अख्तरीखाला नेहमीप्रमाणे सगळ्यांना बाहेर घेऊन गेली. या वेळी कांद्याचं नावही काढलं नाही.

दोघं बैठकीच्या गादीवर बसली. प्रसादने डोळे वर केले नाहीत. उन्हाने काळवंडलेला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी मनगटावर बारीक डाग पडलेला माणूस.

“वर्षाने परत कर अर्ज,” तो म्हणाला.

“कुठून करू? तिथून? व्हिसा कोण देणार?”

“डेअरीवाला विचारत होता, येताय का म्हणून.”

“मग जा ना.”

“एकटा जाऊन काय करू? तिथे दूध स्वस्त मिळतं म्हणून?”

ती हसली, आणि हसता हसता तिचं तिलाच कळलं की हे रडणं आहे. प्रसादने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही, म्हणून तो हातातच धरून बसला.

“तेव्हा आईला म्हणायला हवं होतं मी,” तो म्हणाला. “दोन कीर्ती असल्या तर असू देत. दोघी धावल्या असत्या. काय बिघडलं असतं?”

“अहो, तुम्ही प्रेमाने लिहिलंत.”

“प्रेमाने कसलं? मला ते नाव आवडलंसुद्धा नव्हतं. मावशीने चिठ्ठीवर तीन लिहून दिली होती, मला त्यातलं सगळ्यात सोपं लिहिता आलं. तांदळात जोडाक्षर काढायचं म्हणजे...” तो थांबला. “आणि ‘क्ष’ही जोडाक्षरच निघालं.”

घराखालच्या गोदामात कुणीतरी लोखंडी फळ्या रचत होतं. चार वाजता त्याची बस होती. दारात त्याने चपला घातल्या, एक उलटी घातली, काढून पुन्हा घातली. क्षमा म्हणाली, “विमानतळावर येऊ नका, तुमची पाळी बुडेल.” तो म्हणाला, “बरं.” आणि तो आला नाही. नवऱ्याने बायकोचं ऐकावं, अशी ती वेळ होती की नाही, मला ठरवता येत नाही.

विमानतळावर अख्तरीखाला आणि इफरा आल्या. इफरा सबंध वाट एकच वाक्य बोलत होती, “दीदी, मैंने क्लिक किया था,” आणि क्षमा तिला प्रत्येक वेळी सांगत होती, “मी सांगितलं म्हणून केलंस.” शेवटी खालाने पोरीला दटावलं, “आता गप बस, तिला जाऊ दे शांतीने.” खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट बघितला, चेहरा बघितला, शिक्का मारला. खलास. तिथे तिला कुणी दुसरं नाव विचारलं नाही.

चिपळूणला ती पोचली तेव्हा ओवी दारात होती. आईला बघून धावली, बिलगली, आणि मग आईच्या मागे, रिक्षाच्या आत बघत राहिली. तिला वाटलेलं, दोघं येणार. “बाबा कुठे?” तिने विचारलं. क्षमाने पर्स उघडून फोन काढून दिला.

आता क्षमा तिथल्याच एका दवाखान्यात जाते. लेक जवळ आहे, ते तेवढं देवाने ठेवलं. वर्ष सरेल. अर्ज पुन्हा करता येईलही. पण ती नोंद कायमची आहे आणि आखातात एका देशातली नोंद दुसऱ्या देशाच्या खिडकीवर लगेच दिसते, हे तिला ठाऊक आहे. ती बोलत नाही त्यावर. सासूबाई एकदा म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं का गं सूनबाई?” तेव्हा ती म्हणाली, “नाही हो,” आणि भाजी निवडत राहिली.

आणि प्रसाद अबकैकला. एका खोलीत चार खाटा, त्यातली एक त्याची. रोज संध्याकाळी पाळी सुटली की फोन करतो. ओवीशी बोलतो, आईची चौकशी करतो. मग फोन क्षमाकडे जातो. पूर्वी तो तिला नावाने हाक मारून बोलायला सुरुवात करायचा. आता करत नाही. तांदळात लिहिलेलं नाव त्याच्या तोंडून निघत नाही, आणि पहिल्या नावाने हाक मारायचा हक्क आपल्याला कधी नव्हताच, असं त्याला वाटतं. तो नुसता “ऐक ना” म्हणतो. ती “बोला” म्हणते. मग बराच वेळ दोन्हीकडे नुसता श्वास ऐकू येत राहतो, आणि ओवी आजीला सांगते की बाबांचं चार्जिंग संपलं वाटतं.

मंडळी, मी देवाला पुष्कळ विचारलं, तुझ्या हजार नावांतलं एखादं या माणसाला का देत नाहीस? त्याने उत्तर दिलेलं नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उद्या घरी सांजवात लावाल, आपल्या माणसाला नावाने हाक माराल आणि आतून “ओ” येईल, तेव्हा अबकैकच्या त्या खोलीतल्या प्रसाद साळवीची आठवण ठेवा.